जनावराचं नाव घेऊ नको

साताऱ्यात मी टिकले ती मामांमुळे. काय झालं ते पुढे सांगतेच, पण आधी हे लिहून टाकते. मला मध्येच घाबरायची सवय आहे, आणि घाबरले की मुख्य गोष्टच राहून जाते.

मामा म्हणजे आमच्या कारखान्याच्या गेटवरचे वॉचमन. सख्खे नव्हेत, तिथं लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. लष्करातून निवृत्त झालेले. असे वॉचमन तुम्हीही पाहिले असतील. कडक इस्त्रीची पँट, चकाकणारे बूट, गळ्यात शिट्टी. आमच्या मामांची खरी ओळख मात्र त्यांचा उजवा तळहात. कुणी कुणाला 'गाढवा' म्हणालं, 'डुकरा' म्हणालं, की तो तळहात वर व्हायचा, चौकात गाड्या थांबवतात तसा. आणि मामा म्हणायचे, "थांब. जनावराचं नाव घेऊ नको."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. दुसऱ्या ठिकाणी, अगदी दुसऱ्या कारणानं. तेही सांगेन.

माझं गाव चंद्रपूरकडचं, जंगलाला लागून. आठवीत शाळा सुटली. मग काही वर्षं आईबरोबर मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला. पुढे एका ठेकेदाराचा माणूस गावात आला आणि आम्हा काही पोरींना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला घेऊन गेला. घरी आई आणि धाकटी बहीण. मी इथून पैसे पाठवले तर बहिणीची शाळा चालू राहणार होती. मी परत गेले तर तीही टोपली घेऊन आईच्या मागे जंगलात जाणार होती. एवढं साधं होतं ते. रात्री डोळे मिटले की मला ती टोपलीच दिसायची.

कारखान्याच्या गेटाशी टेम्पो थांबला. ठेकेदाराचा माणूस ओरडला, "उतरवा रं ती मेंढरं!"

तळहात वर झाला.

"थांब. जनावराचं नाव घेऊ नको. मेंढरं कुणी अशी कोंबत न्हाई. धनगर बगितलायस का कवा? कोकरू दमलं तर खांद्यावर घेतो त्यो. तू एकीची तरी पिशवी धरलीस का?"

तो माणूस हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. मला वाटलं, आता झडती. त्यांनी ती सावलीत नेऊन ठेवली आणि माठाकडं बोट केलं. "पानी पी आदी."

आमचं काम रबरी वॉशरचं. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला पापुद्रा राहतो, तो छोट्या कात्रीनं कापून काढायचा. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका. माझ्या शेजारी पलूसची यास्मिन बसायची. तिच्या तोंडाला आणि कात्रीला एकाच वेळी वेग असायचा. पलीकडे रबर कापायचं, फिरत्या पट्ट्यावर चालणारं यंत्र. सुपरवायझर आम्हाला नावानं कधी हाक मारायचा नाही. "ए चंद्रपूर!" "ए ओरिसा!" "ए बंगाल!" जणू नकाशालाच हाका मारतोय. मला त्यानं सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत बघनार. हात बसला तर ठिवनार, न्हाईतर गाडीत बसवून देनार."

मी इतकी गप्प असायची की त्यानं मला 'गोगलगाय' ठरवलं. मामांच्या कानावर गेलंच.

"गोगलगाय घर पाठीवर घिऊन फिरती," मामा त्याला म्हणाले. "हिचं घर हजार मैलावर राह्यलंय. न्हाई जुळत. दुसरं कायतरी शोध."

हजार मैल नाही होत, पण मामांचे आकडे असेच असायचे. त्यांच्या गोष्टीही तशाच. बर्फातली तीच चौकी एकदा काश्मिरात असायची, एकदा अरुणाचलात. आम्ही कुणी टोकत नव्हतो. गोष्ट खरी आहे हे त्यांच्या आवाजावरून कळायचं, फक्त ती कुठं घडली ते मागेपुढे व्हायचं.

ती गोष्ट एका खेचरीची होती. मामा लष्करात खेचरांबरोबर होते. वर चौकीवर रॉकेल, डाळ, गोळ्या, सगळं खेचरांच्या पाठीवरून जायचं. मामांच्या खेचरीला नाव नव्हतं, खुरावर नुसता नंबर. मामा तिला 'बाई' म्हणायचे. एकदा वर जाताना बर्फाच्या चकाकीनं मामांचे डोळे गेले. तात्पुरतेच, पण त्या वेळी ते कुणाला माहीत? त्यांनी बाईची शेपटी धरली. बाईनं त्यांना चौकीच्या दारात आणून उभं केलं.

"आनि आमच्या बाईचा बाप कोन?" मामा विचारायचे. आणि उत्तरही तेच द्यायचे. "गाढव! आई घोडी, बाप गाढव. खेचर असंच हुतंय. आता तू कुनाला गाढव म्हनून शिवी दिलीस, तर माझ्या सोयऱ्याला दिलीस. मी ऐकून घिऊ व्हय?"

यास्मिन म्हणायची, "मामा, लग्नात आहेर आला हुता का सोयऱ्यांकडनं?"

"तुज्या जिभंला बर्फ लावाय पायजे," मामा म्हणायचे. पण खूश व्हायचे.

पलटणीत त्यांना देशभरची माणसं भेटली होती आणि प्रत्येकाची शिवी त्यांनी गोळा करून आणली होती. तमिळ पोरगा चिडला की समोरच्याला म्हैस म्हणायचा. किती ओरडा, हलत नाही म्हणून. "आनि आमच्या गावात म्हस हललीच न्हाई तर दूध काडाय सोपं," मामा म्हणायचे. गुरखे दिवाळीत कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटेना. "मी सोता हार ववलेत," मामा म्हणाले. "एका कुत्र्यानं खाल्ला. तरी कुनी त्याला कुत्रा म्हनलं न्हाई."

आमच्या गोदामात पत्र्याखाली एक घुबड राहायला आलं, तेव्हा तर सभाच भरली. टेबलावरच्या बायका म्हणाल्या, हाकला, अपशकुन आहे. बंगालचा एक पोरगा धावत आला आणि त्यानं हात जोडले. त्याच्याकडे ते लक्ष्मीचं वाहन. "मत भगाओ दीदी, लक्ष्मी जाएगी," तो म्हणाला. सुपरवायझरनं त्याला 'उल्लू' म्हटलं. तेवढ्यात कुणीतरी साहेबांच्या मुलीच्या दप्तराची आठवण काढली. त्यावर चष्मा लावलेलं, पुस्तक वाचणारं घुबड होतं, इंग्रजी शाळेतलं हुशार.

मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग वर पत्र्याकडं बघून म्हणाले, "एक पाखरू. येक जन म्हनतोय मरान, येक म्हनतोय लक्षुमी, येक म्हनतोय येडं, येक म्हनतोय मास्तर. पाखराला कुनी इचारलंय?"

घुबड राहिलं.

जनावरं बंद केल्यावर चिडायचं कसं, हा प्रश्न उरलाच. मामांना राग तर येणारच. गेटवर दिवसभर ट्रकवाल्यांशी गाठ. त्यांनी वस्तूंच्या शिव्या काढल्या. "ए गंजलेल्या नटा!" "आरं फुटक्या चाळणी, पावती दाव!" हळूहळू सगळा कारखाना तसंच बोलायला लागला. यास्मिन मला 'बोथट कात्री' म्हणायची. त्यात माया होती, मला कळायचं.

एका जनावराला मात्र मामांच्या कायद्यातून सूट होती.

तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. तिथं कौतुक म्हणजे वाघ. पोरगा पास झाला, वाघ. कुस्ती मारली, वाघ. रिक्षाच्या काचेवर वाघ, दंडावर गोंदलेला वाघ, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोराच्या मागे वाघ. मामा ट्रकवाल्यानं गाडी नीट मागे घेतली तरी त्याची पाठ थोपटायचे, "शाब्बास माज्या वाघा!"

मी त्या शब्दाला खाली बघायची.

आमच्याकडे जंगलात पाय ठेवला की त्याचं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात, नाहीतर 'देव'. लहान मुलाच्या तोंडून निघालंच तर आई तोंडावर हात ठेवते, "जनावराचं नाव नोको घेऊ." नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं. माझे बाबा एका सकाळी मोहफुलं वेचायला गेले. दुपारी गावातली माणसं टोपली घेऊन आली. नुसती टोपली. मी आठवीत होते. शाळा सुटली ती अशी. हे मी साताऱ्यात कुणालाच सांगितलं नव्हतं, यास्मिनलासुद्धा नाही. वाटायचं, इतक्या लांब आले आहे, ते सगळं तिकडेच राहू दे.

दिवाळी जवळ आली होती. एका दुपारी यास्मिन पट्ट्यावरच्या यंत्रापाशी वॉशरचा ट्रे आणायला वाकली आणि तिची ओढणी पट्ट्यात गेली. ती ओरडलीसुद्धा नाही. तिचा आवाजच बंद झाला, आणि त्यामुळेच मी मान वर केली. यास्मिन गप्प म्हणजे काहीतरी भयंकर. मी टेबलावरून उडी मारली, लाल बटण दाबलं आणि कात्रीनं ओढणी कापली. बस एवढंच. तिच्या गळ्यावर वळ उठला, बाकी काही नाही.

मामा गेटवरून धावत आले. शिट्टी छातीवर आपटत होती. सगळं ऐकून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि छप्पर हलेल असे ओरडले, "वाघीन हाय माजी! वाघीन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वाघीण! वाघीण!" मी खाली मान घातली. त्यांना वाटलं, भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार होते. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ते ठरणार होतं. मी केस नीट विंचरून, जपून ठेवलेला ड्रेस घालून निघाले. गेटाजवळ आले आणि पाहिलं. गेटावर फ्लेक्स. माझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. आणि माझ्या खांद्याला चिकटून तो. जबडा उघडलेला. माझ्या डोक्याएवढे सुळे. खाली लिहिलं होतं, 'आमच्या वाघिणीचं हार्दिक अभिनंदन.'

नंतर कळलं, मामांनीच पॅकिंगच्या पोरांना पाठवून तो करून घेतला होता. चित्रही त्यांनीच निवडलं. पोरांनी बसलेला दाखवला तर म्हणाले, "ह्यो झोपाळू नको. चांगला डरकाळी फोडनारा बग."

मी वळले आणि पळाले. खोलीवर जाऊन पिशवी भरली आणि एसटी स्टँडवर जाऊन बसले. पुण्याला जायचं, तिथून रेल्वे. बहिणीची शाळा, साहेब, काम, मला काही सुचत नव्हतं. फक्त ते सुळे, आणि ती टोपली.

मामा रिक्षानं आले. गेट सोडून आले होते, गळ्यात शिट्टी तशीच. माझ्या शेजारी बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "फोटू वंगाळ आलाय का? पोरास्नी सांगितलं हुतं दुसरा काडा म्हनून."

मी मान हलवली.

"मग काय झालं, पोरी?"

"माझ्या बाबांना नेलं त्यानं."

"कुनी?"

मला नाव घेता येईना. समोर एक रिक्षा उभी होती, मागच्या काचेवर तो चिकटवलेला. मी त्याच्याकडं बोट केलं.

मामांनी रिक्षाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचा तळहात वर झाला, सवयीनं. पण थांबवायला समोर कुणीच नव्हतं. तो तसाच हवेत राहिला आणि हळूहळू त्यांच्याच तोंडावर आला. डोळे हाताच्या वर दिसत होते. मी त्या माणसाला कधी असं पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांची तोंडं धरत फिरलो मी," ते शेवटी म्हणाले. "ह्या एकाचं वाटायचं, ह्येचं नाव दिलं की मान दिल्यागत हुतंय. आमी त्येला चित्रात बगितलेला गं. लहानपनी सर्कशीत येकदा. झोपला हुता."

पुण्याची गाडी लागली. लोक चढायला लागले. मामा उठले, माझी पिशवी उचलली.

"जायाचं तर जा. पिशवी मी चडवून देतो. पर येक सांग, भिऊन चाललीस का रागावून?"

"भिऊन."

"मग थांब. रागावून चालली असतीस तर आडवली नसती. माजी चूक हाय, तुजा राग मी घिऊन टाकला असता. पर भिऊन तिकडं गेलीस तर भ्याला औषिद न्हाई. तिकडं तर त्यो खराच हाय."

गाडी गेली. मी बाकड्यावरच होते.

"इथंच चहा पी," मामा म्हणाले. "मी पुडं जातो. सावकाश ये."

मी सावकाश गेले. गेटावर फ्लेक्स होता, अर्धा. मामांनी स्टुलावर चढून, आमच्या टेबलावरच्या कात्रीनं त्याला कापून काढलं होतं. चौकोनी कापलं होतं, अगदी सरळ. कडेकडेनं कापलं असतं तर त्याच्या आकाराचं भोक राहिलं असतं. ते त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या शेजारी आता रिकामा चौकोन होता आणि त्यातून लांबवर अजिंक्यतारा दिसत होता. खालचं एक अक्षरसुद्धा राहिलं नव्हतं.

आत सुपरवायझर मामांवर भडकला होता. "साहेब यायच्या टायमाला ही पळून गेली! ससा हाय नुसता, ससा!"

तळहात वर झाला.

"ती पळाली न्हाई. मी पाठवलं हुतं स्टँडवर, माजं काम हुतं." मामांना इतकं सरळ खोटं बोलताना मी एकदाच पाहिलं. "आनि सशाचं नाव घिऊ नको."

"गोगलगाय म्हनायचं न्हाई, ससा म्हनायचं न्हाई! मग म्हनू काय हिला?"

"नाव हाय की तिला. प्रणाली. येकदा म्हनून बग, जीब झडत न्हाई."

सुपरवायझर गोंधळला. साहेब दारात उभे होते. यास्मिन पुढं झाली, गळ्यावरचा वळ दाखवत, आणि तिनं जे बोलायला सुरुवात केली ते साहेबांनी मला ठेवल्याशिवाय थांबलं नसतं. साहेब म्हणाले, "बस, बस. हिचं नाव काय?"

आणि सुपरवायझर म्हणाला, "प्रणाली, सर. हात बसलाय तिचा."

मी राहिले. बहीण यंदा बारावीला आहे.

त्यानंतर मामांचे हाल बघण्यासारखे झाले. जन्मभराची जीभ. ट्रक नीट लागला की सुरू करायचे, "शाब्बास माज्या वा..." आणि माझी आठवण होऊन कसंबसं पूर्ण करायचे, "...वा! वा! लय ब्येस!" ट्रकवाले बुचकळ्यात पडायचे. मी म्हटलं, "मामा, म्हणा हो, मला काही नाही होत आता." त्यांनी मान हलवली. "तू नसलीस तरी माज्या कानास्नी ऐकू येतंय."

दुपारच्या सुट्टीत कधीकधी ते विचारायचे. तिकडे तो कसा असतो, माणसं काय करतात. मी सांगितलं, जंगलाच्या तोंडाशी एका झाडाखाली त्याचं ठाणं आहे, शेंदूर लावलेला दगड. आत जाताना सगळे तिथं थांबतात, एक फूल ठेवतात. बाबाही ठेवून गेले होते.

"आनि आजूनबी ठिवता फूल?"

"आई ठेवते."

"राग न्हाई येत?"

"येतो. राग येतो आणि फूलही ठेवतो."

मामांनी वर गोदामाच्या पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मला येकदा ने तिकडं. जलमभर लोकांच्या अंगावर ज्याचं नाव टाकलं, त्याच्या फुडं येकदा उभं राह्यला पायजे."

मी हो म्हणाले नाही. त्या वाटेवर मी स्वतः साताऱ्याला आल्यापासून पाऊल टाकलेलं नव्हतं. गावी गेले तरी अंगणाच्या पलीकडं जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. आता ते उंब्रजजवळ त्यांच्या गावी असतात. गेटवर नवीन वॉचमन आहे. चांगला आहे, मोबाईलमध्ये असतो. आत 'गाढवा', 'डुकरा' पुन्हा ऐकू यायला लागलंय. यास्मिन तळहात वर करते, पण तिला लोक हसतात.

मी मागच्या महिन्यात एसटीनं उंब्रजला उतरून त्यांच्याकडं गेले. मामी चुलीपाशी होत्या. मामा पडवीत खाटेवर. बोलणं जड झालंय, अर्धे शब्द आतच राहतात. मी पायाशी बसले. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणीतरी पोराला ओरडलं, "आरं गाढवा, गाडी बग की!"

मामांचा डावा तळहात वर झाला. थरथरत, पण अगदी सरळ.

मामी म्हणाल्या, "दिसभर ह्येच चाललंय बग. समदी गल्ली थांबवत्यात."

मामा माझ्याकडं बघत होते. तोंड हललं. मी कान जवळ नेला. एकच शब्द आला. "ने."

मामा, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर ऐका. नेईन. तुमचा पाय उचलला की नेईन, नाही उचलला तर गाडी करून नेईन, आणि गाडी जिथं थांबते तिथून पुढं तुम्ही माझा खांदा धरा, त्या बाईची शेपटी धरली होती तसा. फूल मी ठेवेन. मला भीती वाटेल, पण मी पुढं चालेन. वाटेत फक्त एक पाळायचं, आणि ते तुम्हाला सांगायलाच नको.